रुमाल पडण्यापूर्वीं

‘ऑथेल्लो’ हें नाटक मीं वर्गांत किती वेळां शिकविलें याची मोजदाद माझ्यापाशीं नाहीं. महाविद्यालयांतील नोकरीचीं पहिलीं दोन वर्षें सोडलीं तर बहुतेक प्रत्येक तुकडीला तें कोणत्या ना कोणत्या निमित्तानें मजकडून ऐकावें लागलें आहे. आरंभींचें वाक्यहि ठरलेलें असे : ‘मॅकबेथ’ ही महत्त्वाकांक्षेची शोकांतिका, ‘हॅम्लेट’ ही द्विधा मनाची, आणि ‘ऑथेल्लो’ ही मत्सराची. विद्यार्थी तें वाक्य निमूटपणें उतरून घेत, परीक्षेंत तेंच परत लिहीत, आणि मीहि त्यांना त्याबद्दल गुण देत असें. अशा रीतीनें आम्हां उभयपक्षांचा व्यवहार सुखानें चालला होता.

दोन वर्षांपूर्वीं त्यांत खंड पडला. तिसऱ्या अंकांतील तिसरा प्रवेश चालला होता. इयागो आपल्या सेनापतीच्या कानीं लागतो आणि पाहतां पाहतां एका प्रेमळ नवऱ्याचा खुनी बनवितो, तो हा प्रवेश. मागच्या बांकावरील एक विद्यार्थी, जो एरवीं सहसा तोंड उघडीत नसे, उठून म्हणाला, “सर, हा माणूस इतक्या लवकर विश्वास कां ठेवतो?” मीं ठराविक उत्तर दिलें : इयागोचें चातुर्य, ऑथेल्लोचा भोळा सरळपणा, आणि शिवाय रुमालाचा पुरावा. त्यावर तो शांतपणें म्हणाला, “पण सर, रुमाल अजून पडलेलाच नाहीं.”

मीं पुस्तकाकडे पाहिलें. मुलाचें म्हणणें खरें होतें. इतकीं वर्षें जें पान मी तोंडपाठ समजत होतों तें मीं नीट वाचलेलेंच नव्हतें. प्रस्तुत लेख हा त्या मुलाला द्यावयाच्या उत्तराचा, उशीरां कां होईना, एक प्रयत्न आहे.

वाचकांनीं तो प्रवेश पुन्हां एकदां उघडून पाहावा. प्रथम इयागो अर्धवट बोलतो. कांहीं सांगतो, कांहीं गिळतो. मग तो ऑथेल्लोला तीन गोष्टी ऐकवितो. पहिली : व्हेनिसच्या स्त्रिया नवऱ्यापासून काय काय लपवितात हें मला माहीत आहे, कारण मी तेथला आहें. दुसरी : हिनें तुझ्याशीं लग्न करतांना प्रत्यक्ष बापाला फसविलें. तिसरी, आणि ही सर्वांत विषारी : आपल्या देशाचीं, आपल्या वर्णाचीं, आपल्या तोलाचीं स्थळें नाकारून जी मुलगी तुला वरते तिच्या मनांत कांहींतरी विकृति असलीच पाहिजे, आज ना उद्यां ती भानावर येईल आणि तुझी तुलना आपल्या लोकांशीं करूं लागेल. इतकें बोलून तो निघून जातो. ऑथेल्लो एकटा उरतो. त्या एकांतांत पत्नी दोषी कां असावी याचीं कारणें तो शोधूं लागतो, आणि तीं त्याला तिच्या वर्तनांत न सांपडतां स्वतःच्या ठिकाणीं सांपडतात : आपला काळा रंग, दरबारी गोड बोलण्याचा अभाव, उतरतीला लागलेलें वय. यानंतर डेस्डिमोना येते, त्याचें कपाळ दुखतें म्हणून तें रुमालानें बांधूं पाहते, तो तो दूर सारतो, आणि मग कोठें रुमाल खालीं पडतो.

म्हणजे पुरावा येण्याआधींच निकाल लागलेला आहे. ‘माझ्यासारख्यावर अशी स्त्री प्रेम करीलच कशी?’ हा प्रश्न ज्याच्या मनांत एकदां उभा राहिला त्याला पुढें रुमालहि पुरतो. रुमाल नसता तर एखादी चिठ्ठी पुरली असती, नाहीं तर नुसतें हंसणें. मत्सर हा या नाटकांतील ज्वर खरा. परंतु ज्वर हा रोग नव्हे, रोगाचें लक्षण आहे. रोग निराळा आहे, आणि तो ऑथेल्लोला कोणाकडून लागला हें पाहावयाचें तर पहिल्या अंकाकडे गेलें पाहिजे.

पहिल्या अंकाविषयीं टीकाकारांचें मत फारसें अनुकूल नाहीं. डॉ. जॉन्सनना वाटे कीं नाटकाचा आरंभ सायप्रस बेटावरच झाला असता तर रचना अधिक निर्दोष झाली असती. व्हर्डीच्या १८८७ सालच्या संगीतिकेसाठीं संहिता लिहितांना बोइटोनें व्हेनिसचा सबंध अंकच गाळला. कथेच्या सोयीच्या दृष्टीनें हें ठीक असेल. पण त्या अंकाबरोबर ब्रॅबॅन्शियो हा गृहस्थ नाटकांतून नाहींसा होतो, आणि माझ्या मतें सर्व अनर्थाची किल्ली त्याच्या कनवटीला आहे.

हा ब्रॅबॅन्शियो कोण? दुष्ट माणूस नव्हे. व्हेनिसच्या राज्यसभेचा प्रतिष्ठित सभासद, सुसंस्कृत, अतिथिप्रिय. ऑथेल्लोवर त्याचा लोभ होता. तो त्याला वारंवार घरीं बोलावी, त्याच्याकडून लढायांच्या, वेढ्यांच्या, गुलामगिरींतून झालेल्या सुटकेच्या कथा ऐके. घरांतील कामें उरकून मुलगी मधून मधून येऊन बसे व त्या कथा ऐके. बापाला यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. वाटावें कशाला? काळा सेनापति पाहुणा म्हणून घराला शोभा आणीत होता. तोच मनुष्य जावई झाला असें कळतांच या सभ्य गृहस्थाच्या तोंडीं जी भाषा येते ती ऐकवत नाहीं. आपल्या मुलीनें शुद्धीवर असतां याला वरलें हें त्याच्या कल्पनेंतच बसत नाहीं. जादूटोणा किंवा औषध घातल्यावांचून असें घडणारच नाहीं अशी त्याची खात्री आहे. भर सभेंत मुलगी स्वतः येऊन सांगते कीं मी माझ्या इच्छेनें वरलें, तेव्हां त्याचा नाइलाज होतो. सभेनेंहि ऑथेल्लोच्या बाजूनें कौल दिला तो कितपत न्यायबुद्धीनें आणि कितपत त्याच रात्रीं तुर्कांच्या आरमारावर पाठवावयाला सेनापति हवा होता म्हणून, हा प्रश्न शेक्सपियरनें मोठ्या खुबीनें उघडा ठेविला आहे.

जातां जातां ब्रॅबॅन्शियो जांवयाला एक इशारा देतो : डोळे उघडे ठेव, जिनें बापाला फसविलें ती तुलाहि फसवील. हें वाक्य उच्चारलें जात असतां इयागो तेथेंच उभा आहे. दोन अंकांनंतर तो तेंच वाक्य ऑथेल्लोला व्याजासह परत करतो. इयागोला आपण सैतानाचा अवतार म्हणतों आणि त्याच्या निष्कारण दुष्टपणाचें कोडें उलगडण्यांत ग्रंथच्या ग्रंथ खर्ची घालतों. परंतु त्यानें वापरलेलें भांडवल पाहावें तर तें त्याचें स्वतःचें नाहीं. तें एका सज्जनाच्या दिवाणखान्यांतून आलेलें आहे. सज्जन मनुष्य जें रागाच्या भरांत एकदां बोलून जातो तें दुर्जन जपून ठेवतो, इतकाच दोघांत फरक.

अलीकडच्या दोन प्रयोगांकडे या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. दोन्ही लंडनच्या नॅशनल थिएटरचे. त्यांचें चित्रीकरण झालेलें असल्यामुळें ते येथें पुण्यांत बसून पाहतां आले. पहिला २०१३ सालचा, निकोलस हाय्टनर यांनीं बसविलेला. त्यांत एड्रियन लेस्टर ऑथेल्लो व रोरी किनियर इयागो होते. सायप्रसचा किल्ला म्हणजे आजकालची लष्करी छावणी; तात्पुरत्या उभारलेल्या खोल्या, कोरडा पांढरा प्रकाश, सर्वांच्या अंगावर हल्लींच्या सैनिकांचा वेष. एमिलियासुद्धां दासी नसून गणवेषांतील सैनिक. लष्करांतील रीतभात बिनचूक यावी म्हणून एका निवृत्त मेजर-जनरलचा सल्ला घेतलेला होता. या प्रयोगानें एक गोष्ट फार स्पष्ट केली. ज्याच्या शब्दावर रणांगणांत आपण जीव टाकला, त्याचा शब्द घरांतहि खोटा असेल असें सैनिकाला वाटतच नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें हें एक उत्तर झालें, आणि तें खोटें नाहीं. परंतु त्या छावणींत माणसाच्या रंगाकडे कोणाचें फारसें लक्ष आहे असें दिसेना. त्यामुळें ऑथेल्लो आपल्या काळेपणाविषयीं बोलूं लागतो तेव्हां तें भाषण कोठून आलें असा प्रश्न पडतो. प्रयोग बांधेसूद होता, अभिनय उत्तम होता. पण पुरावा येण्याआधीं निकाल कां लागला, हें शेवटपर्यंत समजलें नाहीं.

दुसरा प्रयोग २०२२ सालचा, क्लिंट डायर यांचा. ऑथेल्लो जाइल्स टेरेरा. येथें आरंभींच या नाटकाच्या पूर्वींच्या प्रयोगांचीं सालें व जाहिरातपत्रकें पडद्यावर झळकतात, जणूं खुद्द नाट्यगृहालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें आहे. ऑथेल्लोच्या भोंवतीं एक जमाव सदैव पाहत उभा असतो, आणि इयागो बोलतो तो या जमावाचा मुखत्यार म्हणून. यांत वर्णद्वेष लपून राहत नाहीं, हा या प्रयोगाचा मोठा गुण. परंतु याच गुणापोटीं एक उणीव शिरली आहे. सगळेंच गांव द्वेषानें पेटलेलें दाखविलें म्हणजे प्रेक्षकाला सुटका मिळते. ‘असे लोक वाईटच, आम्ही कांहीं असे नाहीं,’ असें म्हणून तो निर्धास्त घरीं जातो. ब्रॅबॅन्शियोची सभ्यता, त्याचा पाहुणचार, त्याचा खराखुरा लोभ जमावाच्या गलक्यांत बुडून जातो. एका प्रयोगांत दुजाभाव ऐकूंच आला नाहीं. दुसऱ्यांत तो इतक्या मोठ्यानें ऐकूं आला कीं आपला आवाज त्यांत ओळखूं येईना. तो खरोखर ज्या सौम्य, सुशिक्षित, समजूतदार स्वरांत बोलत असतो, तो स्वर दोघांच्याहि हातून निसटला.

तो स्वर आपल्या मराठी रंगभूमीनें कसा ऐकला, हें आतां पाहूं. या नाटकाशीं आपली ओळख फार जुनी आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं त्याचें भाषांतर १८६७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि पुढें पुण्याच्या आर्योद्धारक नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. त्यांत नांवें मूळचींच ठेविलीं होतीं. पुढें १८९० सालीं गोविंद बल्लाळ देवल यांनीं त्याचें ‘झुंझारराव’ केलें, आणि शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी व बळवंतराव जोग या जोडीनें झुंझारराव व कमळजा यांच्या भूमिका गाजविल्या. इयागोचा जाधवराव झाला. देवलांच्या भाषेचा प्रसाद आणि गणपतरावांची वाणी यांच्या योगानें परदेशांतील ही कथा मराठी माणसाच्या घरची झाली. हें यश लहान नव्हे.

पण या यशाची एक किंमतहि द्यावी लागली, आणि ती नांवांतच दिसते. शेक्सपियरच्या नाटकांत पहिले दोन प्रवेश संपेपर्यंत नायकाचें नांव कोणीच घेत नाहीं. त्याचा उल्लेख होतो तो ‘मूर’ म्हणून, किंवा त्याहूनहि हलक्या शब्दांनीं. ज्या राज्याचें रक्षण तो करतो त्या राज्यांतील माणसांना त्याला नांवानें ओळखण्याची गरज वाटत नाहीं. तिसऱ्या प्रवेशांत राज्यप्रमुखाला त्याची निकड लागते तेव्हां प्रथम त्याला नांवानें हांक येते. याच्या उलट, ‘झुंझारराव’ ही अक्षरें कानांवर पडतांच आपल्याला एक मराठमोळा मानकरी दिसूं लागतो. नांव आहे, नांवांत पराक्रम आहे, आणि वर ‘राव’ हा आदरहि आहे. हा मनुष्य आपला आहे असें ठरवूनच प्रेक्षक जागेवर बसतो. मग नाटकांत उरतो तो मुख्यतः संशय; आणि संशयाशीं तर आपली पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख.

याला पुष्टि देणारी एक मौज अशी कीं ज्या देवलांनीं संशयावर महाराष्ट्राला रडविलें त्यांनींच त्याच संशयावर महाराष्ट्राला पोट धरून हंसविलें. ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें आर्थर मर्फी या आयरिश लेखकाच्या द्वारें मोलियेरपर्यंत जातें. एके ठिकाणीं रुमाल, दुसरे ठिकाणीं तसबीर. एके ठिकाणीं झुंझारराव, दुसरे ठिकाणीं फाल्गुनराव. दोघेहि बायकोवर विनाकारण संशय घेतात. मग एक संशय खुनापर्यंत कां जातो आणि दुसरा शेवटीं हंशांत कां विरतो? फाल्गुनराव संशयी असला तरी आपल्या जागीं पक्का आहे. कृत्तिकेनें आपल्याला वरलें यांत कांहीं अघटित झालें असें त्याला स्वप्नांतहि वाटत नाहीं. त्याचा संशय बायकोवर आहे, स्वतःच्या योग्यतेवर नाहीं. ऑथेल्लोचा आधीं स्वतःवर आहे, मग बायकोवर. ज्याला समाजानें जन्मभर ‘तूं आमच्यांतला नव्हेस’ असें सांगितलें त्याचा संशय जीवघेणा ठरतो. इतरांच्या संशयावर प्रहसन होऊं शकतें.

देवलांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांनीं ज्या सालीं ‘झुंझारराव’ लिहिलें त्या सालीं पुण्यांत संमतिवयाच्या प्रश्नावरून घरोघर वाद पेटले होते. नवऱ्याचा बायकोवर अधिकार किती, हाच त्या वेळचा ज्वलंत प्रश्न होता. निष्पाप बायकोचा जीव घेणारा नवरा त्या प्रेक्षकांपुढें उभा करणें हेंहि धैर्याचें काम होतें. प्रश्न आहे तो आमचा, सव्वाशें वर्षांनंतरच्या वाचकांचा व प्रेक्षकांचा. वि. वा. शिरवाडकरांनीं पुढें या नाटकाचें भाषांतर केलें तेव्हां ‘ऑथेल्लो’ हेंच नांव ठेविलें. तेव्हां आपल्यापुढें दोन वाटा आहेत असें दिसतें. नांव परकें ठेवावें, म्हणजे दुजाभाव हा परक्यांचा दोष ठरतो. नांव आपलें करावें, म्हणजे दुजाभावच विरून जातो. तिसरी वाट अशी कीं नांवहि आपलें, आणि दुजाभावहि आपला.

आपल्याकडे तो नाहीं असें तर कोणी म्हणणार नाहीं. खुद्द शेक्सपियरच्याच काळांत, म्हणजे ‘ऑथेल्लो’चा पहिला नोंदलेला प्रयोग १६०४ सालीं लंडनच्या राजवाड्यांत झाला त्या सुमारास, आपल्या दख्खनमध्यें एक खराखुरा हबशी सेनापति निजामशाही सांवरून धरीत होता. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. तो राज्याचा सूत्रधार झाला, त्यानें जमीनमहसुलाची व्यवस्था लावली, खडकी शहर वसविलें, आणि १६२६ सालीं मरेपर्यंत मोगलांना दाद दिली नाहीं. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत त्याचा उल्लेख करतांना त्याच्या रंगावरून शिव्या दिल्या आहेत. एवढेंच नव्हे, तर आपण मलिक अंबरच्या भाल्यावर खोंचलेल्या मस्तकावर बाण मारीत आहों असें चित्रहि त्याच्या दरबारीं चितारलें गेलें. प्रत्यक्षांत तें मस्तक त्याच्या हातीं कधींच लागलें नाहीं. तेव्हां मूर सेनापति मराठी मुलुखाला अपरिचित नव्हता. मात्र आजच्या प्रयोगासाठीं इतकें मागें जाण्याचीहि गरज नाहीं. आपला दुजाभाव रंगापेक्षां जातीवर अधिक पोसला आहे, आणि तो शोधावयाला कोणाला पुण्याबाहेर जावें लागणार नाहीं.

इतरांनीं ही वाट चोखाळून पाहिली आहे. १९९७ सालच्या ‘कळियाट्टम्’ या मल्याळी चित्रपटांत जयराज यांनीं ऑथेल्लोला तेय्यमचा कलावंत केलें : देव अंगांत आला म्हणजे ज्याच्या पायां पडावयाचें, आणि देव उतरला म्हणजे ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवावयाचें असा मनुष्य. २००६ सालच्या ‘ओंकारा’ या हिंदी चित्रपटांत विशाल भारद्वाज यांनीं त्याला ब्राह्मण बापाचा व हीन मानल्या गेलेल्या जातींतील आईचा मुलगा दाखविलें. दोन्ही चित्रपटांत ‘इतक्या लवकर विश्वास कां?’ हा प्रश्न प्रेक्षकाला पडत नाहीं. त्याला तें कारण जन्मापासून माहीत असतें.

या विचारावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला रसिकांचा : जात आणली कीं नाटकाचें प्रचारपत्रक होतें. याला उत्तर खुद्द देवलांनींच देऊन ठेवलें आहे. ‘शारदा’ नाटकाचा विषय म्हाताऱ्याला विकली जाणारी मुलगी, म्हणजे निखळ सामाजिक प्रश्न. १८९९ सालीं आलेलें तें नाटक अजूनहि आपण आवडीनें आठवतों. प्रश्नामुळें नाटक कोरडें होत नाहीं. माणसें नीट न दिसल्यामुळें होतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो एका ऑथेल्लोनेंच घेतलेला आहे. ह्यू क्वार्शी या कृष्णवर्णीय इंग्रज नटानें १९९८ सालीं एका व्याख्यानांत विचारलें होतें कीं काळ्या नटानें ही भूमिका करावीच कां? ‘हे लोक असेच, वरून कितीहि सुधारले तरी आंतून रानटी’ हा जो समज, त्यालाच हें नाटक खतपाणी घालीत नाहीं काय? आपल्याकडेहि हा धोका खरा आहे. वंचित समाजांतून वर आलेला एक कर्तबगार पुरुष आणि त्यानें गळा दाबून मारलेली उच्चवर्णीय पत्नी, हें दृश्य पाहून प्रेक्षकांतील एखादा ब्रॅबॅन्शियो समाधानानें मान डोलवील, ‘मीं म्हटलेंच होतें.’ असा प्रयोग न झालेलाच बरा. पुढें २०१५ सालीं क्वार्शी यांनीं रॉयल शेक्सपियर कंपनींत ही भूमिका केली ती इयागोच्या भूमिकेंतहि लुशियन मसामाटी हा कृष्णवर्णीय नट असतांना. त्या योजनेनें ‘काळा विरुद्ध गोरा’ ही सोपी मांडणी मोडली, आणि समाजाचा दुजाभाव त्याच्याच बळींच्या मनांत कसा घर करतो, ही अवघड गोष्ट पुढें आली.

मराठी दिग्दर्शकाला यांतून घेण्याजोगें पुष्कळ आहे. त्यानें पहिला अंक गाळूं नये. उलट तो सावकाश खेळावा. ब्रॅबॅन्शियोच्या घरचा पाहुणचार, जो मूळांत नुसता सांगितला जातो, तो त्यानें हवा तर दाखवावा. भिंतीवर समाजसुधारकांच्या तसबिरी असाव्यात. चहा उत्तम असावा. गृहस्थाच्या बोलण्यांत एकहि अपशब्द नसावा. त्यानें पाहुण्याच्या कर्तृत्वाचें मनापासून कौतुक करावें, आणि ‘तुमच्यांतून इतकीं माणसें पुढें येत आहेत, हें पाहून फार बरें वाटतें,’ असें म्हणावें. त्या एका ‘तुमच्यांतून’ मध्यें पुढचें सगळें नाटक आहे. आणि खून झाल्यावर प्रेक्षकाची दृष्टि खुन्यावरच खिळून राहूं नये, म्हणून तो दिवाणखाना रंगभूमीच्या एका कोपऱ्यांत शेवटपर्यंत उजेडांत ठेवावा. याचा अर्थ ऑथेल्लोला माफ करावें असा मात्र मुळींच नव्हे. मरणाऱ्या डेस्डिमोनेनें कोणाचाहि अपराध केलेला नाहीं. बापानें तिला फसवी म्हटलें, नवऱ्यानें व्यभिचारिणी म्हटलें; दोघांनाहि ती स्वतःच्या मनानें कांहीं निवडूं शकते ही एकच गोष्ट सहन झाली नाहीं. या बाबतींत सासरा व जांवई यांचें शेवटीं एकमत होतें, हें या नाटकांतील सर्वांत कडू सत्य आहे.

आणखी एक पात्र राहिलें, तें म्हणजे एमिलिया. रुमाल तिनें उचलला, नवऱ्याला दिला, आणि पुढें बाईसाहेब तो शोधूं लागल्या तेव्हां ‘मला ठाऊक नाहीं’ म्हणून सांगितलें. ती दुष्ट नव्हती. त्या वेळीं बोलणें तिला सोयीचें नव्हतें. ती बोलली तेव्हां धीटपणानें बोलली, त्यासाठीं प्राणहि गमावले. पण तोंवर फार उशीर झाला होता.

या पात्राविषयीं अलीकडे मला विशेष आपुलकी वाटूं लागली आहे, आणि तिचें कारण सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या नात्यांतील एका मुलीसाठीं एका तरुण प्राध्यापकाचें स्थळ आलें. म्हणजे त्या दोघांनीं तें आपसांत ठरवूनच आणलें होतें. तो आमच्या घरीं नेहमीं येई, जेवे. त्याच्या विद्वत्तेचा आम्हां सर्वांना अभिमान होता. घरांत बैठक बसली. कोणी जातीचें नांव काढलें नाहीं. ‘संस्कार निराळे पडतात’, ‘पुढें मुलीलाच जड जाईल’, ‘त्यालाहि आपल्यांत अवघडल्यासारखें होईल’, असें सगळें फार मायेनें बोललें गेलें. तें स्थळ मोडलें. त्या बैठकींत इंग्रजी नाटकें शिकविणारा असा मीच एकटा होतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मला ‘ऑथेल्लो’चा तास होता. मीं वर्गांत सांगितलें कीं ही मत्सराची शोकांतिका आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी आतां निराळें उत्तर देईन. ऑथेल्लोनें इयागोवर चटकन विश्वास ठेवला, कारण इयागो जें बोलला तें त्याच्या कानांना नवीन नव्हतें. तें त्यानें याआधीं अनेक चांगल्या घरांत, चांगल्या माणसांच्या तोंडून, जेवणाच्या पंगतींत ऐकलें होतें. आणि त्या वेळीं तेथें बसलेल्यांपैकीं कोणी ‘हें खोटें आहे’ असें मोठ्यानें म्हटलें नव्हतें.